पाठ कशी हाये?

सानगडीच्या बाजारात भर गर्दीच्या वेळी रस्त्याच्या पलीकडून एक हाक यायची, "काय जी काकाजी, पाठ कशी हाये?" ती ऐकली की आमचे बाबा, म्हणजे गावातले जुने कापडवाले, हातातलं काम बाजूला ठेवायचे. गादीवर बसल्या बसल्या रस्त्याकडे पाठ करायचे आणि डाव्या हाताने बंडी वर उचलायचे. मग एक उंच, रुंद बाई चपला काढून दुकानात चढायच्या, चष्मा नाकावर ओढायच्या, बाबांची पाठ वरपासून खालपर्यंत पाहायच्या, कमरेखालच्या हाडापाशी बोट दाबायच्या आणि "बरोबर हाये" म्हणून बंडी स्वतःच्या हाताने खाली करायच्या. समोर लुगडी पाहत बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत. नवं गिऱ्हाईक असलं तर उठून जायची पाळी येई. मी गल्ल्यावर बसून आढ्याकडे पाहत राहायचो.

त्या बाई म्हणजे कुसुम सिस्टर. साकोलीला हमरस्त्याला लागून असलेल्या एका दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डच्या त्या इनचार्ज होत्या. त्यांच्या वॉर्डात कधी काळी पलंगाला खिळून पडलेल्या कोणालाही त्या हाच प्रश्न विचारत. बस स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेतसुद्धा. "तब्येत कशी हाये इचारलं का लोक बरी हाये म्हनतेत अन् मोकळे होतेत," असं त्यांचं म्हणणं. "तब्येतीबद्दल मानूस खोटं बोलते. पाठ नाही बोलत."

नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. वॉर्डात शिरताना बांगड्या काढून पर्समध्ये टाकायच्या, नखं मुळापर्यंत कापलेली, आणि धुऊन धुऊन पांढरे पडलेले ते हात त्या लोकांना मुद्दाम दाखवायच्या. "माह्या हातची चादर आख्ख्या जिल्ह्यात पाहून या," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी विचारलेलं नसताना. पालीला मात्र त्या लहान मुलीसारख्या भ्यायच्या. आणि कोणाच्या घरून डबा आला की पातोडीच्या रश्शाचा वास त्यांना व्हरांड्यातूनच लागायचा. "पेशंटले तिखट चालत नाही," असं म्हणून त्या डबा ताब्यात घ्यायच्या आणि थोड्या वेळाने धुऊनपुसून रिकामा परत करायच्या. याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आमची त्यांची गाठ पडली ती बाबांना लकवा मारला तेव्हा. दुकानात कापड मोजता मोजता त्यांच्या हातातला मीटर गळून पडला आणि पाठोपाठ तेही कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आमचं घर मूळचं विणकराचं, बाबांच्या वडिलांपर्यंत घरात माग होता, आणि बाबांचा सगळा जीव त्या दुकानाच्या गादीत. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं की हे पुन्हा गादीवर बसतील ना. डॉक्टर म्हणाले, आता ते औषधापेक्षा सेवेवर आहे, कुसुम सिस्टर सांगतील तसं करा.

सिस्टर आल्या त्या थेट पलंगाशी. माझ्याकडे पाहिलं नाही, केसपेपरही उघडला नाही. बाबांना एका कुशीवर वळवलं आणि पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढी जागा लाल झाली होती. त्यांनी त्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं.

"हे पाहा दुकानदार," त्या म्हणाल्या. दुकानाचं डॉक्टरांनी सांगितलं असावं; माझं नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. "बोट दाबलं का जागा पांढरी व्हायले पाह्यजे. ही नाही होऊन राहिली. ही फुटली तर तुमचा बुढा गादीवर नाही बसत. बसाची जागाच राहनार नाही. आंग कवा धुतलं यायचं?"

हा प्रश्न मला होता, पण उत्तर पलंगाच्या उशाशी बसलेल्या आत्याने दिलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. माझी आई गेल्यापासून घरात तिचाच शब्द चाले आणि बाबाही तिच्या शब्दाबाहेर नसत.

"आंग नाही धुवाचं," आत्या म्हणाली. "किसना उठून बसंल तवा धुवू. झोपलेल्या मानसाले आंघोळ नाही घालत आमच्यात."

"काहून?"

"काहून म्हंजे? झोपवून आंघोळ मुर्द्याले घालतेत."

आमच्याकडे माणूस गेला की त्याला अंगणात पाटावर निजवून चार हातांनी आंघोळ घालतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. जिवंत माणसाला तसं आडवं पाडून धुणं म्हणजे यमाला पत्ता सांगण्यासारखंच. बाबांना बोलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. त्यांनी डाव्या मुठीत चादर घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. मी मध्येच उभा. एकीकडे ती लाल जागा, दुसरीकडे आत्या.

मला वाटलं सिस्टर आता आवाज चढवतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"आत्याबाई, दुसऱ्याच्या हातची आंघोळ मानसाले कवा कवा भेटते? जनमल्यावर भेटते. मंग हळदीच्या दिवशी भेटते. अन् मंग शेवटची. तुमी शेवटचीच काहून धरून बसल्या? मधली धरा ना. यायले नवरदेव समजा."

"नवरदेव बसते पाटावर. झोपत नाही."

"हा थकला हाये, झोपला. वरात लांबून आली." सिस्टर हसल्या नाहीत. "अन् फरक पाह्यजे असंल तर सांगतो. मुर्द्याले कोनी इचारते काय, बापा, पानी कसं हाये? नाही इचारत. आपन इचारू. अंगाले पानी लावाच्या आंधी दर बारीले इचारू. ज्याले पानी कसं हाये म्हनून इचारलं, थो जित्ता."

आत्या पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. मग खाली पाहत म्हणाली, "हळदीची आंघोळ मी कशी घालू? याच्या लग्नात मले कोनी हात नाही लावू देल्ला हळदीले. मी मांडवाच्या खांबामागून पाह्यलं."

मला हे माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं असंही नाही. आमच्या घरांतून ही गोष्ट इतकी ठरलेली असते की ती सांगण्यासारखी कोणाला वाटत नाही. सिस्टरनी तिचा हात धरून तिला उठवलं. "मंग आता घाला. इथं मांडव माहा हाये, कोन अडवते पाहतो."

त्या दिवसापासून बाबा नवरदेव झाले. खरं तर त्या वॉर्डात ज्याला ज्याला स्वतः उठता येत नव्हतं तो प्रत्येकजण नवरदेवच होता, हे मला नंतर कळलं. सकाळ झाली की सिस्टर दारातूनच विचारायच्या, "कोन्या नवरदेवाचं पानी तापलं?" शेजारच्या पलंगावर मांडी मोडलेले एक म्हातारे होते, त्यांची बायको पहिल्यांदा हे ऐकून लाजली आणि म्हातारे कित्येक दिवसांनी हसले.

आंघोळ पाहून मी चकित झालो, कारण तिच्यात पाणी ओतणं असं नव्हतंच. दोन गंगाळं, दोन मऊ पंचे आणि अंगावर एक मोठी चादर. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा, पुसून कोरडा करायचा, झाकायचा आणि मग पुढचा. आधी डोळे, तेही नाकाकडून कानाकडे, दर डोळ्याला पंच्याचं वेगळं टोक. तोंडाला साबण नाही. मग मान, हात, छाती, पोट, पाय. पाणी गढूळ झालं की बदलायचं, मग पाठ. आत्या पाण्यात कोपर बुडवून पाही आणि विचारी, "किसना, पानी कसं हाये?" बाबांनी तिचं बोट एकदा दाबलं तर बरं, दोनदा दाबलं तर गरम. सुरुवातीला ते दोनदाच दाबत, पाणी कोमट असलं तरी. आपल्याला कोणी विचारतंय याची ते खात्री करून घेत असावेत असं मला वाटतं.

पोटाखालच्या भागाची पाळी आली तेव्हा मी, त्यांचा मुलगा, खरं सांगायचं तर घामाघूम झालो. सिस्टरनी चादरीखालून ओला पंचा बाबांच्या डाव्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "ज्याचं त्यानं करावं. हात चालते तवरिक दुसऱ्यानं हात घालू नये. अन् देवानं पाहा, नेमका त्या कामाचा हात ठेवला." बाबांच्या तोंडाची शाबूत बाजू हलली. लकवा मारल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

आत्या आणि सिस्टर यांचं त्यानंतर गोडीगुलाबीने चाललं असेल असं कोणाला वाटत असेल तर त्याने त्या दोघींना पाहिलेलं नाही. आत्याने दुसऱ्याच दिवशी घरून तिळाचं तेल आणलं आणि त्या लाल जागेवर रगडायला घेतलं. सिस्टरनी बाटली उचलून खिडकीत ठेवली. लाल जागेला चोळायचं नाही, आतलं मांस आधीच मेटाकुटीला आलेलं असतं, हे त्यांनी सांगितलं. आत्याने ते ऐकलं नाही. मग सिस्टरनी विचारलं, "परह्याच्या दिवसात पायाले चिखल्या होतेत का नाही? मंग चिखल्या घासता काय?" आत्याने जन्मभर बांधीत उभं राहून धानाची रोवणी केलेली. बोटांच्या बेचक्या दिवसभर ओल्या राहिल्या की काय होतं ते तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने तेलाची बाटली गुपचूप पिशवीत टाकली आणि तेव्हापासून बाबांच्या पायाच्या बोटांमधली जागा, काखा, मांडीचे सांधे असे काही टिपून कोरडे करू लागली, की सिस्टरनाच तिला आवरावं लागलं.

बाबांचं आणि सिस्टरांचं जमलं ते चादरीवरून. माणूस पलंगावर असतानाच त्या चादर बदलायच्या. त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिच्यामागून पसरत आणायची, मग माणूस त्या वळकटीवरून दुसऱ्या कुशीवर. त्यानंतर चारी टोकं ओढून चादर अशी ताणायची की तिच्यावर नाणं टाकलं तर वाजावं. "चादरीतली सुरकुती म्हंजे पाठीतला काटा," असं त्यांचं पालुपद होतं. बाबांचा डावा हात मग आपोआप चादरीवरून फिरायचा, दुकानात ताग्यावरून फिरायचा तसा. कुठे चुणी लागली की ते तिथे बोटाने टकटक करत. सिस्टरना पहिल्यांदा तो अपमान वाटला. त्यांच्या चादरीत खोट काढणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं, बाबांनी दाखवलेल्या जागी खरंच एक बारीकशी चुणी होती. तिथून पुढे चादर टाकली की त्या कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय जी कापडवाले, पास का नापास?" आणि बाबांची बोटं चादरीचा इंच न इंच फिरून येईपर्यंत थांबायच्या.

याच काळात झिबलकाकांनी घोटाळा केला. झिबलकाका बाबांचे बालमित्र, दिवसातून चारदा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे दोघे जोडीदार. ते भेटायला आले, मित्राची ती अवस्था पाहून रडले, आणि मी डबा धुवायला गेलो तेवढ्यात प्रेमाने एक चिमूट खर्रा बाबांच्या तोंडात ठेवून गेले. बाबांच्या उजव्या गालाला काही कळत नव्हतं. दुपारी सिस्टर तोंड साफ करायला आल्या. बाबांना कुशीवर वळवून, गालाखाली वाटी धरून, बोटाला गॉज गुंडाळून त्या दिवसातून दोनदा दात आणि हिरड्या पुसायच्या. त्यांचं बोट गालात गेलं आणि तिथेच थांबलं. बाहेर आली ती सुपारीची खांडं.

"दुकानदार, लकव्याच्या बाजूचा गाल म्हंजे चोरखिसा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, म्हणून मी जास्त घाबरलो. "त्याच्यात काय पडलं त्याले समजत नाही. एक खांड घशात गेलं असतं म्हंजे तुमचा बाप गेला असता. जेवन झालं का बोट घालून खिसा तपासाचा. रोज."

दुसऱ्या दिवशी झिबलकाका आले तेव्हा सिस्टरनी त्यांना दारात अडवलं, त्यांच्याच हाताला गॉज गुंडाळून दिला आणि मित्राचं तोंड पुसायला लावलं. झिबलकाकांनी ते केलं. नंतर ते रोज याच कामासाठी यायचे आणि वॉर्डातल्या लोकांना चोरखिशाबद्दल असं समजावून सांगायचे जणू काही त्यांनीच तो शोधून काढला.

आता गाडीची गोष्ट. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. सिस्टरांचा अनुभव असा की घड्याळाचं सांगितलं की नातेवाईक विसरतात. पण दवाखान्याच्या खिडकीतून रस्ता दिसायचा आणि आमच्या भागातला माणूस कुठेही बसलेला असो, कोणती एसटी गेली हे त्याला न पाहता कळतं. म्हणून त्यांनी कुशी गाड्यांना बांधून टाकल्या होत्या. सानगडी गाडी गेली की डावी कूस, लाखांदूर गाडी गेली की उजवी, भंडारा गाडीला उताणं, असं सगळं. खिडकीशी हॉर्न वाजला की वॉर्डातले सगळे नवरदेव एकदम वळायचे. गाडी लेट झाली तर काय, असं मी विचारलं होतं. "गाडी लेट होईल, पाठ लेट नाही होत. तवा घड्याळ पाहाचं," त्या म्हणाल्या आणि स्वतः मात्र घड्याळ पाहूनच फिरायच्या.

लाल जागा हळूहळू फिकी पडत चालली होती, तरी बाबा बोलत नव्हते. आत्याचा धीर सुटत चालला. एवढे दिवस परक्या पलंगावर पडून राहणं तिला बरं वाटेना. किसनाला घरी न्या, जे व्हायचं ते आपल्या छपराखाली होऊ द्या, असं ती म्हणू लागली. मी नाही म्हणायचो, पण त्या नकारात जोर नव्हता. मलाही मनात तेच वाटू लागलं होतं. एका दुपारी आमचं यावरूनच चाललेलं असताना बाबांच्या तोंडून आवाज आला. आधी नुसती घरघर, मग पुन्हा, आणि मग स्पष्ट.

"गा... डी."

बाबांनी डोळे माझ्यावर रोखले आणि जोर लावून पुन्हा म्हटलं, "गाडी."

आत्याने तोंडात पदर घेतला. "पाह्य. घरी ने म्हनते. गाडी कर म्हनते रे थो." ती रडत रडत पिशवी भरायला लागली. टॉवेल, तांब्या, गंगाळं. माझेही डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी तोंडातून एक शब्द निघाला आणि तोही घरी जाण्याचा. मी वॉर्डाबाहेर जाऊन एका गाडीवाल्याला फोन लावला आणि सिस्टरांना कागद तयार करायला सांगायला वळलो. त्या आवाज ऐकून आधीच बाबांच्या पलंगाशी आल्या होत्या.

"काय म्हनलं त्यायनं?"

"गाडी म्हणाले. घरी न्या म्हणतात."

सिस्टरनी बाबांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला फोन खिशात घातला.

"लाखांदूर गाडी कवाची गेली, दुकानदार. तुमी भांडत बसले. थो घरी न्या नाही म्हनून राहिला. कूस बदला म्हनून राहिला."

सिस्टर आणि मी मिळून बाबांना उजव्या कुशीवर वळवलं. पाठीमागे उशी लावली, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली. बाबांनी लांब श्वास सोडला, डोळे मिटले, आणि तोंडाच्या डाव्या बाजूने हसले. "हो," ते म्हणाले. हा त्यांचा दुसरा शब्द.

आत्या भरलेली पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिने पिशवीतून गंगाळं काढली, पलंगाखाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती खिडकी तिची झाली. हॉर्न वाजायच्या आधीच ती उठायची, आणि आमच्याच नव्हे तर सगळ्या वॉर्डाच्या नातेवाइकांना हाका मारून उठवायची. दमून झोपलेल्या लोकांनी तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. सिस्टर मात्र म्हणायच्या, "आता मले सुट्टी घ्याले हरकत नाही."

बाबा घरी आले तेव्हा माकडहाडावर डाग म्हणून शिल्लक नव्हता. आधी भिंतीला टेकून, मग उशांच्या आधाराने, मग नुसते, असे ते बसू लागले, आणि एके सकाळी मी आणि झिबलकाकांनी त्यांना उचलून गादीवर नेऊन ठेवलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डावा ताग्यावर. दुकान बस स्टँडच्या समोर असल्यामुळे गाड्यांची सोय घरीही झाली. गाडी आली की बाबा गादीवर डावी-उजवीकडे कलून एकेका बाजूचा भार हलका करत. गिऱ्हाइकाला वाटे म्हाताऱ्याला प्रवासाला जायचंय. थोडं थोडं बोलायलाही लागले. सुरुवात गाडीने झाल्यामुळे असेल, पण कोणत्याही वाक्यात ते तो शब्द कुठेतरी घालत.

सिस्टर निवृत्त होऊन लाखांदूरकडे आपल्या गावी गेल्या. तिथून त्या बाजाराला म्हणून सानगडीला यायच्या, आणि मग ती हाक, ती बंडी, ते बोट. तपासणी झाली की आत्या त्यांना आत बोलवायची आणि पातोडी करायची. सिस्टर जेवताना सांगायच्या की आमच्या दुकानातल्या चादरींचा अर्ज, म्हणजे रुंदी, लहान असतो, पलंगाखाली नीट खोचता येत नाहीत. बाबा मान हलवायचे. शेवटी आम्ही खरोखरच मोठ्या अर्जाच्या चादरी ठेवू लागलो आणि त्या चांगल्या खपल्या. याचं सगळं श्रेय सिस्टरनी घेतलं आणि ते खरंही होतं.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. दुपारचं जेवण झालं, चोरखिसा तपासून झाला, गादीवरच जरा लवंडले आणि तसेच राहिले. सानगडी गाडी आली तेव्हा ते कलले नाहीत, म्हणून आत्याच्या लक्षात आलं.

अंगणात पाट टाकला. गावातले लोक जमले होते. पाण्याचं गंगाळ आणलं आणि आमच्यापैकी कोणीतरी तांब्या बुडवला, तेवढ्यात आत्याने हात आडवा केला. आता ती कमरेतून वाकलेली, कोणाचा तरी खांदा धरूनच चालते. ती पाटाशी बसली. पाण्यात कोपर बुडवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, मग आपलं बोट बाबांच्या डाव्या मुठीत ठेवून रोजच्यासारखं विचारलं, "किसना, पानी कसं हाये?"

झिबलकाकांनी उपरणं तोंडावर घेतलं. आत्या तेवढा वेळ थांबली, जेवढा वेळ ती इतकी वर्षं उत्तरासाठी थांबत आली होती. मग म्हणाली, "बरं हाये म्हनते. घाला." आम्ही आधी डोळे पुसले, नाकाकडून कानाकडे. मग मान, हात, छाती. जेवढं धुतलं तेवढंच उघडलं, कोरडं केलं, झाकलं. पाणी बदललं आणि त्यांना कुशीवर वळवलं.

संध्याकाळी मी सिस्टरना फोन केला. बाबा गेले, एवढं सांगितलं. मला वाटलं त्या धीर देतील, वय झालं होतं वगैरे म्हणतील.

"पाठ कशी होती?" त्यांनी विचारलं.

"साफ होती सिस्टर. नव्या ताग्यासारखी."

"अन् पानी?"

"आत्याने विचारलं त्यांना."

त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मंग नवरदेव बरोबर गेला, दुकानदार. आत्याबाईले जेवू घाला, अन् रात्री कुशीवर झोपवा. बुढीची पाठ पाहाले मी येतो बाजाराच्या दिवशी."